सुईची परीक्षा

गेल्या पावसाळ्यात आमच्या आत्याला गळ्यात गाठ दिसली. आत्या साताऱ्याला असते, हायस्कूलमध्ये गणित शिकवून निवृत्त झाली. एका लग्नाला निघताना आरशासमोर उभी होती, पाण्याचा घोट घेतला आणि गळ्याच्या डाव्या बाजूला काहीतरी वर-खाली झाल्यासारखं वाटलं. मग सोनोग्राफी झाली, मग सुई. या सुईच्या तपासणीला आपल्याकडे सगळेच एफएनएसी म्हणतात. बारीक सुई गाठीत घालायची, थोड्या पेशी ओढून घ्यायच्या, काचपट्टीवर पसरायच्या आणि पॅथॉलॉजिस्टने मायक्रोस्कोपखाली बघायच्या. दहा मिनिटांचं काम. चार दिवसांनी एक पानी रिपोर्ट आला: फॉलिक्युलर निओप्लाझम, बेथेस्डा कॅटेगरी चार.

त्या एका पानाचं घरात पोथीसारखं पारायण झालं, पण अर्थ कुणालाच लागला नाही. डॉक्टर म्हणाले, "अशा गाठींपैकी साधारण पंचवीस-तीस टक्के कॅन्सरच्या निघतात. नक्की सांगायचं तर थायरॉइडचा तो अर्धा भाग काढूनच बघावा लागेल." आत्याने रात्री मला फोन केला. "अगं, तू कंपनीत टेस्टिंगच करतेस ना? मग मला एवढंच सांग, ही टेस्ट किती टक्के बरोबर असते?"

आता मी सहा वर्षं टेस्टिंगमध्ये आहे हे खरं, पण आमच्याकडे बग निघाला तर फार तर रात्री जागावं लागतं, कुणाचा गळा कापावा लागत नाही. तरी म्हटलं बघते. आणि बघितलं तर एका ठिकाणी ८३ टक्के, दुसरीकडे ९७ टक्के, तिसरीकडे ६८.८ टक्के! अवयव तोच, सुई तीच, आणि आकडे असे. आमच्या ऑफिसात कुणी असे तीन रिपोर्ट एकाच मॉड्यूलचे आणले असते तर मी पहिला प्रश्न विचारला असता, "भागिले काय?" म्हणजे छेदात कोण आहे? तो प्रश्न धरून पुढचे तीन-चार शनिवार-रविवार मी या सुईच्या इतिहासात घालवले. हा लेख म्हणजे त्याचाच हिशोब. मी डॉक्टर नाही, तेव्हा वाचणाऱ्यांनी यातून औषधोपचाराचा सल्ला काढू नये, एवढं आधीच सांगते.

सुरुवात न्यूयॉर्कला होते. तिथल्या मेमोरियल हॉस्पिटलमधले सर्जन हेज मार्टिन आणि त्यांच्या प्रयोगशाळेतले एडवर्ड एलिस या दोघांनी १९३० साली सुईने पेशी ओढून गाठीचं निदान करण्याच्या पद्धतीवर लेख लिहिला. त्यांची सुई १८ गेजची, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड. आजच्या मानाने दाभणच. तिथलेच पॅथॉलॉजिस्ट फ्रेड स्टुअर्ट यांनी १९३३ साली या पद्धतीवर आणखी लिहिलं. पद्धत चालत होती. तरीही अमेरिकेत ती मेमोरियलच्या बाहेर फारशी रुजली नाही. एक तर भीती होती, की सुई बाहेर येताना वाटेत कॅन्सरचं बी सांडेल. दुसरं कारण मला जास्त ओळखीचं वाटलं. पॅथॉलॉजिस्टना मांसाचा पूर्ण तुकडा बघायची सवय होती, पेशींची रचना, शेजार, सगळं. सुटे सुटे कण बघून निकाल द्यायचा म्हणजे सोर्स कोड न देता नुसत्या लॉगच्या चार ओळींवरून बग सांगा असं म्हणण्यासारखं. मनाई कुणी केली नाही, पण विश्वासही ठेवला नाही.

सुई खरी रुजली स्वीडनमध्ये, आणि तिथे ती रुजवली रक्ताच्या काचा वाचायची सवय असलेल्या डॉक्टरांनी. हे मला फार आवडलं. रक्ततज्ज्ञांना मांसाचा तुकडा मिळतच नाही, त्यांचं आयुष्य सुट्या पेशी वाचण्यातच जातं. लुंडच्या नील्स सोडरस्ट्रॉम यांनी १९५२ साली गलगंडात सुई घालून केलेल्या तपासणीवर लेख लिहिला. स्टॉकहोमच्या रेडियमहेमेट या कॅन्सर रुग्णालयात सिक्स्टन फ्रान्झेन यांनी पातळ सुईचं तंत्र घडवलं. सिरिंजला पिस्तुलासारखी मूठ बसवली, म्हणजे एका हाताने पेशी ओढता येतात आणि दुसऱ्या हाताने गाठ धरून ठेवता येते. आइनहॉर्न आणि फ्रान्झेन यांचा थायरॉइडवरचा लेख १९६२ चा. २२ गेजची सुई म्हणजे पाऊण मिलिमीटरपेक्षाही बारीक. भूल द्यायचीही गरज नाही. काच रक्ताच्या काचेसारखी हवेत वाळवायची, रंग द्यायचा, वाचायची.

आणि सगळ्यात मोठा फरक असा, की तिथे बऱ्याचदा गाठ चाचपणारा, सुई घालणारा आणि काच वाचणारा माणूस एकच असे. आपण काय विचारतोय हे त्याला माहीत असायचं. पेशी कमी आल्या तर रोगी समोरच बसलेला, परत सुई घाला. आपल्याकडे आज गाठ एकजण बघतो, सुई दुसरा घालतो आणि काच तिसऱ्याच्या टेबलावर जाते. ज्याने कोड लिहिला, ज्याने डिप्लॉय केला आणि ज्याला रात्री फोन येतो ते तिघे वेगळे असले की काय होतं ते आयटीवाल्यांना सांगायला नको.

असो. पण थायरॉइडला या सुईची एवढी गरज का पडली? कारण थायरॉइडच्या गाठी अतोनात असतात. मेयो क्लिनिकमध्ये १९५५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हयात असताना ज्यांचा थायरॉइड तपासणीत नॉर्मल वाटला होता अशा ८२१ माणसांच्या ग्रंथी शवविच्छेदनात उघडून बघितल्या, तर जवळजवळ निम्म्यांत गाठी होत्या. निम्म्यांत! यातल्या बहुतेक गाठी साध्या, निरुपद्रवी. पण बाहेरून हात लावून साधी कोणती आणि कॅन्सरची कोणती ते कळत नाही. किरणोत्सारी आयोडीन देऊन स्कॅन करायचे, त्यात जी गाठ आयोडीन घेत नाही ती 'थंड', आणि थंड म्हणजे संशयित. पण थंड गाठीही बहुतेक साध्याच निघायच्या. म्हणजे खात्री करायची तर ऑपरेशन, आणि गळ्याच्या ऑपरेशनात आवाजाची नस आणि कॅल्शियमच्या बारीक ग्रंथी शेजारीच. सुईचं काम कॅन्सर शोधण्याइतकंच, कुणाला कापायचं नाही ते सांगण्याचंही होतं.

अमेरिकेने ही सुई स्वीडनकडून उशिरा परत घेतली. क्लीव्हलंडच्या जॉर्ज क्राइल यांनी विल्यम हॉक यांच्यासह १९७३ साली थायरॉइडच्या सुईवर लिहिलं, आणि १९८० च्या सुमारास मेयो क्लिनिकमध्ये ती नित्याची झाली. १९८२ साली मेयोच्या हॅम्बर्गर, घरीब वगैरे मंडळींनी जे मोजलं ते माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वात प्रामाणिक मोजमाप आहे. सुई यायच्या आधी गाठवाल्या रुग्णांपैकी ६७ टक्के लोकांचं ऑपरेशन होत होतं, नंतर ४३ टक्क्यांचं. आणि ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांच्यात कॅन्सर सापडण्याचं प्रमाण १४ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेलं. खर्च चौथाईने उतरला. इथे 'सुई किती टक्के बरोबर' हा प्रश्नच नाही. सुईमुळे काय बदललं, एवढंच विचारलंय. उगाच कापलेले गळे कमी झाले. बस.

पण आत्याला ते चालणार नव्हतं, तिला टक्के हवे होते. तेव्हा टक्केवारीकडे येऊ.

टेस्टची अचूकता मोजायची आजची भाषा, म्हणजे सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी, वैद्यकात आणण्याचं श्रेय जेकब यरुशाल्मी या संख्याशास्त्रज्ञाला देतात. वर्ष १९४७, विषय थायरॉइड नव्हे, क्षयाचे एक्स-रे. प्रश्न साधा होता: छातीचा फोटो काढायच्या चार पद्धतींपैकी चांगली कोणती? १२५६ माणसांचे चारही प्रकारचे फोटो काढले आणि पाच जाणकारांना वाचायला दिले. निकाल आला तो सगळ्यांना ओशाळं करणारा. पद्धतींमधल्या फरकापेक्षा वाचणाऱ्यांमधला फरक मोठा निघाला, आणि तोच माणूस तोच फोटो काही काळाने परत वाचताना स्वतःशीच असहमत होत होता. मग यरुशाल्मींनी मांडणी केली ती अशी: रोग असलेल्यांपैकी किती जणांना टेस्ट पकडते ती सेन्सिटिव्हिटी, रोग नसलेल्यांपैकी किती जणांना टेस्ट सोडून देते ती स्पेसिफिसिटी. दोन आकडे वेगळे ठेवा, एकात कालवू नका.

हे दोन्ही आकडे डॉक्टरच्या बाजूचे आहेत. रोग आहे हे आधीच माहीत धरून मागे बघतात. आत्याच्या बाजूचा प्रश्न उलटा आहे: रिपोर्ट असा आलाय, तर रोग असण्याची शक्यता किती? हा उलटा प्रश्न आणि त्याचं उत्तर रोग मुळात किती लोकांत आहे यावर कसं हलतं, हे थॉमस व्हेकियो यांनी १९६६ साली साध्या कोष्टकांनी दाखवलं. गणित बेझचं, म्हणजे १७६३ मध्ये छापलेलं. डॉक्टरांच्या टेबलावर यायला त्याला दोनशे वर्षं लागली.

आता आत्यासाठी मी जे कोष्टक केलं तेच इथे देते. १९९३ साली मेयोच्याच घरीब आणि गोलनर यांनी सुईचा तोवरचा हिशोब मांडला. सात मोठ्या मालिका, १८,१८३ तपासण्या. त्यात ६९ टक्के साध्या, ४ टक्के कॅन्सर, १० टक्के संशयित आणि १७ टक्के 'काही सांगता येत नाही, पेशीच पुरेशा नाहीत'. सेन्सिटिव्हिटी सरासरी ८३ टक्के, पण वेगवेगळ्या ठिकाणी ६५ ते ९८. स्पेसिफिसिटी सरासरी ९२, आणि पसारा ७२ ते १००. ८३ आणि ९२ धरून चालू.

समजा गाठवाल्या १००० बायका आहेत आणि त्यातल्या ५० जणींना खरोखर कॅन्सर आहे. (५० हा आकडा मी सोयीसाठी घेतलाय.) सुई त्यातल्या ४२ पकडेल, ८ सुटतील. उरलेल्या ९५० पैकी ७६ जणींच्या बाबतीत सुई उगाच ओरडेल आणि ८७४ जणींना बरोबर सोडून देईल. म्हणजे सुई ओरडली अशा एकूण ११८, त्यात खऱ्या ४२. शंभरात ३६. आणि सुईने 'साधी आहे' म्हटलं अशा ८८२, त्यात चुकलेल्या ८, म्हणजे शंभरात एकही पुरती नाही. तीच सुई घेऊन हजारात ३०० कॅन्सर असलेल्या मोठ्या रेफरल हॉस्पिटलात गेलं, तर ओरडलेल्यांपैकी शंभरात ८२ खऱ्या निघतात, पण 'साधी' म्हटलेल्यांत शंभरात ७ चुकलेल्या असतात. सुई बदलली नाही, फक्त दारात येणारी माणसं बदलली.

इथपर्यंत आत्या खूश होती. "हे ठीक आहे, हे आठवीच्या मुलांनाही समजेल," म्हणाली. पुढे गंमत आहे.

वर मी म्हटलं, '५० जणींना खरोखर कॅन्सर आहे'. हे 'खरोखर' कळतं कसं? गाठ कापून, काप काढून बघितल्यावर. मग जिचं ऑपरेशन झालंच नाही तिचं काय? सुईने 'साधी आहे' म्हटलं की तिला घरी पाठवतात, तोच तर सुईचा फायदा. म्हणजे सुईचं 'आहे' तपासलं जातं, पण 'नाही' फारसं तपासलंच जात नाही! आंब्याची पेटी आणायची, दाबून बघून जे नासके वाटले तेवढेच कापायचे, बाकीची पेटी शेजाऱ्याला देऊन टाकायची, आणि मग सांगायचं की माझा अंगठा कधी चुकत नाही.

आता आपलं कोष्टक परत घ्या. सुई ओरडली त्या ११८ जणींचं सगळ्यांचं ऑपरेशन झालं. 'साधी' म्हटलेल्या ८८२ पैकी समजा दहातल्या एकीचं, म्हणजे ८८ जणींचं काही ना काही कारणाने झालं, गाठ मोठी होती, गिळताना त्रास होता वगैरे. सुटलेल्या ८ कॅन्सरपैकी या ८८ मध्ये साधारण एक येईल. हॉस्पिटलच्या रजिस्टरात आता कॅन्सर किती? ४२ अधिक १, म्हणजे ४३. त्यातले सुईने ४२ पकडले. सेन्सिटिव्हिटी ९८ टक्के! वा! आणि कॅन्सर नसलेल्या रजिस्टरात किती? ७६ आणि ८७, एकूण १६३. त्यात सुईने बरोबर सोडलेल्या ८७. स्पेसिफिसिटी ५३ टक्के. ८३ आणि ९२ ची सुई रजिस्टरातून बाहेर पडताना ९८ आणि ५३ ची झाली, आणि कुणीही खोटं बोललेलं नाही.

हा खेळ मी रविवारी दुपारी एक्सेलमध्ये मांडला आणि मग २०१२ सालचा एक एकत्रित अभ्यास उघडला, बोंजोव्हानी आणि सहकाऱ्यांचा. २५,४४५ तपासण्या, त्यातल्या ६,३६२ जणांचं ऑपरेशन झालं, म्हणजे चौघांत एक. सेन्सिटिव्हिटी ९७ टक्के, स्पेसिफिसिटी ५०.७ टक्के. मी खुर्चीत सरळ बसले. माझे आकडे बनवलेले आहेत, इतकं जवळ जुळणं बरंचसं योगायोगाचं. शिवाय त्या अभ्यासात संशयाचे खानेही 'पॉझिटिव्ह' बाजूला धरलेत, त्यामुळेही सेन्सिटिव्हिटी चढते आणि स्पेसिफिसिटी पडते. पण दिशा तीच, आणि मला सुरुवातीला बुचकळ्यात टाकणारे ९७ आणि ६८.८ हे दोन्ही आकडे याच एका अभ्यासातले होते. ६८.८ म्हणजे दोन्ही बाजू एकात कालवून काढलेली 'एकूण अचूकता', जी करू नका असं यरुशाल्मींची मांडणी १९४७ पासून सुचवत होती.

या आजाराला नाव आहे, व्हेरिफिकेशन बायस. कॉलिन बेग आणि रॉबर्ट ग्रीन्स यांनी १९८३ साली त्यावर दुरुस्तीचं सूत्र दिलं. सूत्र आत्यालाही पटलं: ८८ कापल्यावर एक कॅन्सर सापडला, तर ८८२ मध्ये साधारण दहा असतील. मग ४२ भागिले ५२, म्हणजे ८१ टक्के. मूळ ८३ च्या अगदी जवळ आलो. अट एकच, की ते ८८ जण निव्वळ रँडम निवडलेले असावेत. प्रत्यक्षात तसं नसतं, डॉक्टरला ज्यांची काळजी वाटते त्यांनाच तो सुईचं न ऐकता कापतो, त्यामुळे तिथे कॅन्सर जास्त सापडतो. म्हणजे दुरुस्तीलाही दुरुस्ती लागते. अशा पळवाटांची यादी डेव्हिड रॅन्सोहॉफ आणि अल्व्हन फाइनस्टीन यांनी १९७८ सालीच करून ठेवली होती. तरी लोक आजही टक्का सांगतात आणि छेद सांगत नाहीत.

छेदाचा दुसरा घोटाळा त्या १७ टक्क्यांचा, म्हणजे पेशीच पुरेशा न आलेल्या काचांचा. काच वाचण्याजोगी ठरायला थायरॉइडच्या पेशींचे किमान सहा गट आणि प्रत्येक गटात किमान दहा पेशी हव्यात, असा नियम आहे. त्याहून कमी असतील तर ती तपासणी अनेक अभ्यासांत हिशोबातूनच काढून टाकतात. टेस्ट केस चाललीच नाही तर तिला पासही म्हणू नका आणि फेलही म्हणू नका, हे मान्य. पण सुई टोचून घेऊन रिकाम्या हाताने घरी गेलेल्या बाईच्या दृष्टीने ती टेस्ट नापासच की.

आता आत्याच्या खान्याकडे येते. फॉलिक्युलर प्रकारच्या गाठीत साधी कोणती आणि कॅन्सरची कोणती हे पेशींच्या चेहऱ्यावरून ठरतच नाही. गाठीच्या पेशी आवरण फोडून बाहेर पडल्यात का, किंवा रक्तवाहिनीत शिरल्यात का, यावर ठरतं. सुई पेशी आणते, आवरण आणत नाही. आंब्याचा रस कितीही चाखला तरी साल कुठे फाटली आहे ते जिभेला कळणार नाही. हा सुईचा दोष नाही, वाचणाऱ्याचाही नाही. जो प्रश्न तिला विचारला जातोय त्याचं उत्तर तिच्या नमुन्यात नाहीच.

पण हे 'माहीत नाही' प्रत्येक पॅथॉलॉजिस्ट आपापल्या शब्दांत लिहायचा. कुणी 'संशयास्पद', कुणी 'अनिश्चित', कुणी नुसतंच 'क्लिनिकली पडताळून पाहावे'. (हे शेवटचं आमच्याकडच्या 'वर्क्स ऑन माय मशीन'चं भावंड.) तेव्हा ऑक्टोबर २००७ मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा गावी राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने परिषद भरवली. त्याच गावात १९८८ साली गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी अशीच सामाईक भाषा ठरली होती. थायरॉइडसाठी सहा खाने ठरले: अपुरा नमुना, साधी गाठ, अनिश्चित, फॉलिक्युलर निओप्लाझम, कॅन्सरचा दाट संशय, कॅन्सर. सय्यद अली आणि एडमंड सिबास यांनी संपादित केलेलं त्याचं पुस्तक २०१० च्या सुमारास सगळीकडे गेलं, आणि साताऱ्याच्या बाईच्या रिपोर्टावर एका अमेरिकन गावाचं नाव आलं ते असं. प्रत्येक खान्यापुढे कॅन्सरची शक्यता लिहिली. चौथ्या खान्यापुढे पहिल्या आवृत्तीत १५ ते ३० टक्के होतं, २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत सरासरी ३०.

मला ही कल्पना त्या ८३-९२ पेक्षा फार शहाणी वाटते, कारण ती आत्याच्या बाजूने बोलते. हो-नाही असं दोन खान्यांत कोंबण्याऐवजी किती माहीत आहे आणि किती नाही तेच सांगते. अर्थात हे टक्केही ऑपरेशन झालेल्यांवरूनच काढलेले. दुसऱ्या खान्यात, जिथे कुणी कापत नाही, तिथे त्यामुळे आकडा फुगतो. चौथ्या खान्यातल्या बहुतेकांचं ऑपरेशन होतंच, तिथे तो जरा भरवशाचा.

एवढं करून मी फाइल बंद करणार होते, तेवढ्यात आणखी एक खांब हलला. आतापर्यंत मी कापून बघितलेलं सत्य म्हणजे अंतिम धरत होते. १९८५ साली फिनलंडमध्ये हराच आणि सहकाऱ्यांनी १०१ शवविच्छेदनांतल्या थायरॉइडचे दोन-तीन मिलिमीटर जाडीचे काप करून बघितले. ३५.६ टक्के लोकांत पॅपिलरी कॅन्सर सापडला. ही माणसं त्याने मेली नव्हती, त्यांना तो आहे हेही माहीत नव्हतं. मग तो 'कॅन्सर' सुईने पकडला तर सुई बरोबर की चूक? दक्षिण कोरियात हा प्रश्न सगळ्या देशावर आला. तिथे १९९९ नंतर तपासण्यांची मोहीम आली, सोबत गळ्याची स्वस्त सोनोग्राफीही होऊ लागली, आणि २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या १५ पट झालं. मृत्यू होते तेवढेच राहिले. २०१४ मध्ये आन, किम आणि वेल्च यांनी हे छापलं. त्या हजारो लोकांच्या सुया तांत्रिकदृष्ट्या अगदी अचूक होत्या. गळे मात्र गेले.

आणि २०१६ साली तर व्याख्याच बदलली. निकिफोरोव्ह यांच्यासह पॅथॉलॉजिस्टांच्या आंतरराष्ट्रीय गटाने आवरणात बंद असलेल्या, कुठेही न घुसलेल्या एका प्रकारच्या गाठींचे जुने रुग्ण शोधले. १०९ जण, १० ते २६ वर्षं पाठपुरावा, एकालाही रोग परतलेला नाही. त्यांनी त्या गाठीच्या नावातून 'कार्सिनोमा' हा शब्द काढून टाकला. परवापर्यंत ज्या काचेवर सुईने 'संशय' म्हणून बाजी मारली होती, ती काच रातोरात उगाच ओरडलेल्यांत गेली. काच तीच, पेशी त्याच, वाचणाराही तोच. आमच्यात क्लायंट शुक्रवारी संध्याकाळी रिक्वायरमेंट बदलतो तेव्हा आम्ही निदान कुरकुर तरी करतो.

छेद नीट सांभाळून केलेला अभ्यासही आहे, नाहीतर वाटेल की सगळेच घोळ घालतात. अनिश्चित गाठींसाठी पेशींतल्या जनुकांची टेस्ट निघाली, तिचा २०१२ चा अभ्यास. त्यात ऑपरेशन झालेल्याच २६५ अनिश्चित गाठी घेतल्या, आणि काप वाचणाऱ्यांना टेस्टचा निकाल माहीत नव्हता. ८५ कॅन्सर निघाले, टेस्टने ७८ पकडले, ९२ टक्के. स्पेसिफिसिटी ५२. इथे ९२ हा आकडा मी जसाच्या तसा घेईन, कारण छेद समोर ठेवलाय. आत्याने किंमत विचारली आणि विषय बदलला.

ऑपरेशन ऑगस्टच्या शेवटी झालं. डावा अर्धा भाग काढला. आवाज दोन आठवडे बसला होता, मग आला. पक्का रिपोर्ट आला तो फॉलिक्युलर ॲडिनोमा, म्हणजे साधी गाठ. घरात पेढे वाटले गेले.

दिवाळीत गेले तेव्हा आत्याने कॅलेंडरच्या जुन्या पानामागे माझं कोष्टक स्वतःच्या अक्षरात काढून ठेवलं होतं. उगाच ओरडलेल्या ७६ च्या खान्यात एक बारीकसा टिंब केला होता. "ही मी," म्हणाली. "म्हणजे तुझ्या हिशोबाने माझ्या बाबतीत सुई चुकली."

मी म्हटलं, आत्या, चौथा खाना म्हणजे सुई 'मला इथून दिसत नाही' म्हणाली होती. त्याला चुकली म्हणायचं की नाही हे ज्याने कोष्टक काढलं तो ठरवतो.

तिने चष्मा लावून परत बघितलं आणि विचारलं, "आणि हे ८? यांना कधी कळतं?"

काहींना गाठ वाढली की कळतं, काहींना कधीच कळत नाही, आणि त्यातल्या काहींना न कळून काही बिघडतही नाही, एवढं मी सांगितलं. तिने त्या आठाभोवती पेन्सिलने गोल केला आणि पान टीएसएचच्या रिपोर्टांच्या फाइलमध्ये लावून ठेवलं.